डबीतली हळद

"तुम खाना कौन सा हाथ से खाता?" अरबाबने मला विचारलं.

अरबाब म्हणजे मालक. बहरीनमध्ये सगळेच मालकाला असं म्हणतात. मी उजवा हात पुढे केला. त्याने माझी नखं बघितली. शेजारी आमचे गिऱ्हाईक बापट साहेब उभे होते, त्यांनीही बघितली. नखांच्या कडा पिवळ्या होत्या. दुपारी मी वरणभात खाल्ला होता.

"देखो!" अरबाब म्हणाला.

बापट साहेबांनी हातातली डबी दिव्याखाली धरली. आत दहा डॉलरचं सोन्याचं जुनं अमेरिकन नाणं होतं. त्याच्या बाजूला, प्लास्टिकच्या आतून, एक बारीक पिवळी रेघ होती. माझ्या नखाची आणि त्या रेघेची पिवळाई एकच दिसत होती.

आमचं ऑफिस मनामात आहे. जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवणारे लोक इथे येतात. ही नाणी दीडशे वर्षांपूर्वीची. एका बाजूला मुकुटवाली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. नाणं आधी अमेरिकेतल्या एका कंपनीकडे जातं. तिथे ते भिंगातून बघतात, खरं का खोटं ते ठरवतात, किती झिजलंय ते बघून सत्तरपैकी नंबर देतात. मग जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ते कायमचं बंद करतात. त्या डबीला झाकण नसतं. कडा वितळवून चिकटवलेल्या असतात. उघडायची तर फोडावी लागते, आणि फोडली की सर्टिफिकेट गेलं. या डबीला स्लॅब म्हणतात. पहिल्या दिवशी अरबाब म्हणाला, स्लॅब साफ करो, तेव्हा मी झाडू घेऊन गच्चीकडे निघाले होते.

माझं काम डबीवरचे ओरखडे काढायचं. पांढरी पेस्ट लावून मऊ फडक्याने गोल गोल घासायचं. घाई केली तर डबी धुरकट होते. माझं शिक्षण चौथी, डबीवरचे इंग्रजी आकडे तेवढे वाचता येतात. पण घासायला शाळा लागत नाही. इतकी वर्षं सोन्यात काम करते, सोन्याला माझं बोट एकदाही लागलेलं नाही. आधी आधी मला हे कळायचंच नाही. सोनं म्हणजे अंगावर घालायचं. हे लोक ते डबीत घालतात, डबी पिशवीत, पिशवी लॉकरमध्ये. आणि ज्याला कोणी हात लावला नाही तेच सगळ्यात महाग.

बापट साहेब पुण्याचे. इथे बँकेत आहेत, झिंजला राहतात. त्यांना हे नाणं रिफा गावातल्या एका गृहस्थाला देऊन त्याचं दुसरं नाणं घ्यायचं होतं. त्या नाण्याच्या मागे ते कित्येक वर्षं होते. द्यायच्या डबीवर ओरखडे फार, म्हणून आमच्याकडे टाकली. मी घासून काचेसारखी केली. साहेब खूश होऊन घेऊन गेले. रिफाच्या गृहस्थाने मात्र डबी बघितली आणि परत केली. म्हणाला, आत पिवळं कसं आलं? ही डबी उघडलेली आहे. नाणं बदललेलं असेल.

"माझं नाव खराब झालं," बापट साहेब मला म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "बाई, खरं सांगा. उघडली होती का?"

"नाही साहेब."

"मग हे आत आलं कुठून?"

मला मुळात चारचौघांत बोलता येत नाही. त्यात मनात वेगळाच गोंधळ. मी काम करताना हातमोजे घालते. पण ते घालताना मोज्याला आतून बोट लागतं, काढताना बाहेरून लागतं. त्या दिवशी जेवून आल्यावर साबणाने हात धुतले होते का? रोज धुते. म्हणजे त्या दिवशीही धुतले असणार. पण असणार म्हणजे धुतले, असं थोडंच आहे?

"ये प्रॉब्लम सॉल्व नहीं, तो तुम्हारा व्हिसा खलास," अरबाब म्हणाला. मग साहेबांकडे वळून, "दो दिन दो. मैं देखता."

गावी माझ्या मुलीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष चालू होतं. व्हिसा गेला तर तिचं शिक्षण गेलं. नईम भागातल्या माझ्या खोलीवर गेले ती सरळ वरण करायला बसले. मुद्दाम हळद जास्त घातली. ऑफिसमध्ये फुटक्या, रिकाम्या डब्या पडून असतात, त्यातली एक धड बघून अरबाबला विचारून आणली होती. तिला वरणाचं बोट लावलं, चोळलं, तसंच ठेवलं. सकाळी फडक्याने पुसलं. डाग निघून गेला. आत काहीच नव्हतं.

म्हणजे मी नाही. पण हे सांगू कोणाला? अरबाब म्हणेल, वरण लावून आणलंस वर? आणि माझी मलाच खात्री वाटेना. एका बोटाने आत गेलं नाही, तर रोजच्या बोटाने जात असेल का? मी घासते तेव्हा जोर लागतो, त्याने कड सुटते का? विचार करून डोकं भणभणलं. शेवटी असं वाटायला लागलं, की आपणच केलं असेल, फक्त कसं ते आपल्याला माहीत नाही.

ठरल्या दिवशी बापट साहेब आले. ते आणि अरबाब आतल्या खोलीत बसले. थोड्या वेळाने एक बाई दार ढकलून आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, घामाघूम.

"गाडीत बसवून गेले आणि एसी बंद करून गेले," त्या हिंदीत मला म्हणाल्या. "सलमानिया हॉस्पिटलला रक्त तपासायला जायचंय. उपाशी आहे मी सकाळपासून. जरा पाणी द्या."

मी पाणी दिलं. माझं मंगळसूत्र नाही, टिकली नाही, पण पाण्याचा ग्लास खाली ताटली धरून दिलेला बघून त्या थांबल्या.

"मराठी का गं तू?"

"हो, मॅडम."

"मॅडम काय, ताई म्हण. आणि डोळे का सुजलेत?"

इतक्या दिवसांत कोणी मराठीत अशी विचारपूस केली नव्हती. मी सगळं बोलून गेले. एवढं एका दमात मी कधी बोलले नसेन. नखं दाखवली. म्हटलं, "ताई, माझ्या बोटाची हळद साहेबांच्या डबीत गेली. कशी गेली ते मला कळत नाही."

त्यांनी माझा हात धरून बघितला आणि हसायला लागल्या.

"वेडी आहेस का? ती तुझी कशी असेल? माझी आहे ती."

मला काही कळेना. त्या तशाच ग्लास हातात घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी दारात उभी राहिले.

"अहो, हिला कशाला रडवलंत? लक्ष्मीपूजनाची हळद आहे ती."

"कसलं लक्ष्मीपूजन?" साहेब म्हणाले.

"आपल्या घरचं. दर वर्षी. डबी तबकात ठेवते, ओली हळद लावते, पाणी घालून न्हाऊ घालते. दूध नाही घालत हं, चिकट होतं. इथे दिवाळीला सुट्टी नसते, तुम्ही बँकेत. तुम्ही येईपर्यंत सगळं वाळवून परत जागच्या जागी."

"पण कपाटाला किल्ली आहे!"

"आणि ती मोज्यांच्या खणात आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "या एकाच नाण्याला ना?"

"एकाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

अरबाबला मराठी येत नाही. तो माझ्याकडे बघून "शू? शू?" करत होता, म्हणजे काय, काय. मी हिंदीत सांगितलं. त्याला पटेना. सोन्याला आंघोळ? डबीसकट? त्याने स्वतः हळदीचं पाणी करून रिकाम्या डबीवर ओतलं आणि उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी कडेतून आत पिवळी रेघ उतरलेली. बोटाची हळद वर राहते, पाण्याची आत शिरते. डबी बंद असते, पण पाण्याला बंद नसते. साहेबांच्या डबीतली रेघ जुनीच होती, ओरखड्यांमुळे दिसत नव्हती. मी ते काढले म्हणून दिसली. म्हणजे काम चांगलं केलं म्हणून माझी नोकरी जायची वेळ आली होती. हे मला अजून नीट पचलेलं नाही.

साहेबांची सगळी नाणी अमेरिकेला गेली आणि नव्या डब्यांतून परत आली. रिफाच्या गृहस्थाने आपलं नाणं तोपर्यंत दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. साहेबांच्या एका नाण्याचा नंबर एकाने उतरला. का, ते कोणी सांगितलं नाही. ताई म्हणाल्या, प्रवास झाला ना, चेहरा उतरणारच. आता त्या आपल्या हातातल्या बांगड्यांनाच न्हाऊ घालतात.

माझा व्हिसा राहिला. अरबाबने नवा नियम केला. डबी घ्यायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारायचं, घरी याची पूजा होते का? आणि हे साहेबांना नाही, त्यांच्या बायकोला फोन करून विचारायचं. ते काम मला दिलं. मी, जिच्या तोंडातून शब्द निघत नाही, ती अनोळखी बायकांना फोन करून आंघोळीचं विचारते. बहुतेक जणी आधी नाही म्हणतात. मी गप्प राहते. मग त्या सांगतात.

माझ्या डब्यातल्या वरणावर अरबाबने, नखं बघितली त्या दिवशीच, बंदी घातली होती. ती काही उठली नाही. मी दहीभात नेते.