बटवेकाकांचं उत्तर

बटवेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण एकवीस वर्षांत ऑफिसात दुसरं कुणाला ठाऊक नव्हतं. कारण बटवा त्यांचा. बटवा म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना घडोघडी लागणारी बारीकसारीक फंक्शनं. तारीख नीट मांडणारं, फोन नंबरातला चुकलेला आकडा पकडणारं, असली. एकदा लिहायची आणि दर नव्या कामात तीच वापरायची.

प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर काकांची टीप असायची, आणि तीही समोर माणूस बसल्यासारखी. ‘बाबा रे, यादी रिकामी आली तर घाबरू नकोस, मी शून्य देतो.’ घरी बोलायला होतं कोण? बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मग जे काही बोलायचं ते टिपांत. त्या कुणी वाचतं का, हे विचारायची मात्र त्यांना लाज वाटायची.

आणि माणूस असा, की नाकावर माशी बसू देईल तर शपथ! बटव्यात कुणी सुधारणा सुचवली की यांच्या कपाळाला आठी. शेवटी त्यांनी त्यासाठीही एक फंक्शन लिहिलं. सूचना आली की आपोआप ‘धन्यवाद, पाहतो’ असं उत्तर धाडायचं आणि सूचना एका कप्प्यात टाकायची. तो कप्पा या गृहस्थांनी एकदाही उघडला नाही. आता काय बोलणार?

परवा मॅनेजरबाई म्हणाल्या, “काका, आपण बाहेरचा तयार संच घेतलाय. शुक्रवारपर्यंत बटवा काढून टाका.”

“त्यातल्या टिपा तरी ठेवू या का?” काकांनी चाचरत विचारलं.

“टिपाबिपा कोण वाचतंय, काका?”

काकांना ते फार लागलं. शुक्रवारी दुपारी ते एकेक फंक्शन पुसत गेले. शेवटी तो कप्पा उरला, तेव्हा पुसण्याआधी सहज उघडला. आत त्रेचाळीस सूचना, सगळ्या एकाच मुलीच्या. वरच्या मजल्यावर बसायची ती. जिन्यात भेटली की हसायची, आणि काका खाली मान घालून सटकायचे.

पहिल्या काही सूचना कामाच्या होत्या. मग, ‘काका, आजची टीप वाचून एकटीच हसले.’ मग, ‘मीसुद्धा इथे एकटीच जेवते.’ शेवटची दोन वर्षांपूर्वीची: ‘आज नोकरी सोडतेय. इथे माझ्याशी बोलल्या त्या तुमच्या टिपाच. एक वाजता कँटीनमध्ये याल? खिडकीजवळ बसते.’

खाली त्याच मिनिटाला गेलेलं उत्तर होतं: ‘धन्यवाद, पाहतो.’

म्हणजे ती बसली असणार. ‘पाहतो’ म्हटल्यावर माणूस थोडा वेळ तरी थांबतोच. काकांनी तिला ईमेल लिहून पाहिला, पण तिचा इथला पत्ता केव्हाच बंद झाला होता. ईमेल परत आला.

त्या दिवशी एक वाजता आपण कुठे होतो, हे काकांना आठवावं लागलं नाही. रोज असतात तिथेच होते ते, आपल्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून डबा खात.