चूलबंद आमंत्रणाचे आंदोलक

बॅनरला सुरकुती होती. सगळं तिथून सुरू झालं.

मी कळंबोलीजवळ, हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलात एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर आहे. नातेवाइकांच्या मते म्हणजे इंग्रजी नावाची मोलकरीण. फारसं चुकीचं नाही. खोल्या, चादरी, टॉवेल, पडदे आणि ते सगळं नीट ठेवणारी माणसं माझ्या ताब्यात. हे काम वर्षानुवर्षं केलं की डोळ्यांना एक रोग जडतो. वाकडं काही बघवत नाही. लग्नाला गेले तरी मी आधी टेबलक्लॉथची कड बघते, मग नवरीकडे.

त्या शुक्रवारी माझी सुट्टी होती. सानपाड्याला घरी पोहे करत होते, तेवढ्यात जीएम साहेबांचा, म्हणजे आमच्या जनरल मॅनेजरांचा, फोन आला.

"मॅडम, आपके लडके गेट पे नारे लगा रहे हैं. संध्याकाळी बँक्वेटला मोठा साखरपुडा आहे. या आणि त्यांना आत घ्या."

पोहे झाकून निघाले. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावणं हा आमच्याकडे गौरव समजतात. त्याचे पैसे नसतात, फक्त गौरव असतो.

गंमत म्हणजे गेटवरच्या पोरांची मागणी तेवढीच होती. आठवड्याला एक सुट्टी. हे माझे रूम अटेंडंट, म्हणजे खोल्या आवरणारे. नेपाळ, ओडिशा, आसाममधून आलेले, शिर्के नावाच्या कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलेले. युनिफॉर्म आमचा, हुकूम आमचा, फक्त माणसं आमची नाहीत, अशी ही सोय असते. त्यांनी शिर्केकडे सुट्टी मागितली. शिर्केनं उत्तरादाखल जवळच्या नावडे गावातलं क्वार्टर रविवारपर्यंत रिकामं करायला सांगितलं. क्वार्टर म्हणजे त्यानं भाड्यानं घेतलेली दुमजली इमारत. डे शिफ्टचा उठला की त्याच गादीवर नाइटचा झोपतो. ते क्वार्टर गेलं की सकाळच्या शिफ्टला पोहोचता येत नाही, आणि पोहोचला नाही की नोकरी गेली. कोणाला काढून टाकल्याचं पाप शिर्केला लागत नाही.

मी शिर्केला आधीच विचारलं होतं. तो दुःखी चेहरा करून म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात काय आहे? इमारतीचा मालक बोलतो, बाहेरची माणसं नकोत. गावात लोकल सेंटिमेंट आहे."

आमचे जीएम लुधियानाचे. शेफ कोलकात्याचे. शिर्के साताऱ्याचा, मी चिपळूणची. पण बाहेरची म्हणजे फक्त चादरी बदलणारी. खरं तर या भागात मूळ रहिवासी म्हणाल तर जुन्या गावांतले लोक, बाकी आम्ही सगळे नंतर चेक-इन केलेले. फक्त काहींनी चेक-आउट दुसऱ्यांचं ठरवायला घेतलंय.

तर मी गेटवर पोहोचले. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या युनियनमधल्या कोणा कार्यकर्त्यानं पोरांना भोंगा दिला होता. पुढे टेकबहादूर, माझा सगळ्यात जुना अटेंडंट. हातात जुन्या चादरीचा बॅनर. त्यावर आडवी सुरकुती, आणि रांग अशी की बैलानं मुतावं.

"टेकबहादूर, हे काय आहे?"

"आंदोलन, मॅडम."

"ते दिसतंय. इस्त्री का नाही केली?"

त्यानं मान खाली घातली. मी बॅनरची दोन टोकं दोघांना ताणायला लावली, उंचीप्रमाणे माणसं उभी केली, एकाचा शर्ट खोचायला लावला, एकाची नखं बघितली. ड्युटीवर जाण्याआधी आम्ही रोज ब्रीफिंग घेतो, त्यातलंच हे. हात आपोआप चालतात. मागे सरून रांग बघितली, समाधान वाटलं, आणि तेव्हाच लॉबीच्या काचेतून फ्लॅश चमकला.

जीएमनी मला आत बोलावून मोबाइल समोर धरला. फोटोत मी हात वर करून मधोमध उभी होते. कोणीही म्हणेल, बाई नेतृत्व करतायत.

"सर, मी रांग सरळ करत होते."

"मॅडम, आप मॅनेजमेंट हैं. इकडे की तिकडे, ठरवा."

आता खरं सांगते, मला राग आला. सुट्टीच्या दिवशी पोहे सोडून आलेल्या बाईला हे ऐकवायचं नसतं. वर तो शिर्के कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून आमची कॉफी पीत होता. म्हटलं, फोटो निघालाच आहे, तर फुकट कशाला घालवा. बाहेर गेले आणि बॅनरचं एक टोक धरलं.

आंदोलन मात्र कमालीचं फसलं. कारण आम्ही हॉटेलवाले. घोषणा ऐन रंगात यायच्या आणि एखादी गाडी वळायची. लगेच घोषणा बंद. रांग बाजूला. एक जण दार उघडतो, दुसरा बॅग घेतो, सगळे छातीवर हात ठेवून "वेलकम, सर". गाडी गेली की पुन्हा "हमारी माँगें पूरी करो". मी दोनदा दटावलं. तिसऱ्या गाडीचं दार मीच उघडलं.

जीएम खुशीत बाहेर आले. "चालू द्या, मॅडम. एक गेस्ट म्हणाला, वेलकम फार छान होतं."

ऊन उतरलं तरी कोणी बोलायला आलं नाही. टेकबहादूर हळूच म्हणाला, "मॅडम, गाँव का टिकट निकाल लूँ क्या?" 'सगळं ठीक होईल' हे आम्ही गेस्टला सांगतो, एसी बंद पडला की.

मग साखरपुड्याच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीला टेकबहादूर सवयीनं पुढे झाला, दार उघडलं, आणि थिजला. आतून पांढरा सफारी आणि जाड चेन घातलेले गृहस्थ उतरले.

"टेक्या? तू आन् सगली पोरं इथं गेटवर काय करताव? घरची चूल बंद हाय ना आज?"

हे नावड्याचे जनार्दन शेठ. क्वार्टरचे मालक, आणि साखरपुडा त्यांच्याच घरचा. शिर्के ज्या लोकल सेंटिमेंटबद्दल बोलत होता, ते स्वतः गाडीतून उतरलं होतं.

इकडच्या गावांत घरच्या कार्याचं चूलबंद आमंत्रण देतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. शेठच्या बायकोनं अक्षता घेऊन क्वार्टरच्या प्रत्येक खोलीत ते दिलं होतं. भाडेकरू झाले तरी उंबऱ्याला लागून उंबरा, त्यांना वगळत नाहीत. आणि माझ्या या पोरांनी मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"जिसने घर खाली करने को बोला," टेकबहादूर खाली बघत म्हणाला, "उसके घर खाना कैसे खाएँ, शेठ?"

"खाली? कोन बोलला?"

"शिर्के साहेब. बोले, आपको बाहर का आदमी नहीं मंगता."

शेठनी आवाज न चढवता विचारलं, "शिरके कुठं हाय?"

शिर्के सोफ्यावर नव्हता. फार चपळ माणूस.

जीएम धावत आले, हात जोडून. "सर, प्लीज, मुहूर्त निघून जाईल. ये लोग स्टाफ हैं, हम हटा देते हैं."

"स्टाफ तुमचा. आज पाव्हनी माझी हायेत. यांची पानं धरलेली हायेत मी. पाव्हनी गेटवर आन् मी आत साखर वाटू? नाय जमनार."

आमच्या धंद्यात जेवणाऱ्या माणसाला पॅक्स म्हणतात. पॅक्सचा आकडा पार्टी देते, तो आम्ही बदलू शकत नाही. जीएमना हा नियम पाठ होता, कारण मीच त्यांच्या तोंडून तो शंभरदा ऐकला होता. मागे शेठचा सगळा गोतावळा पोर्चमध्ये खोळंबला होता. नवरी गाडीत बसून होती. कोणीही आत जात नव्हतं.

जीएमनी माझ्याकडे बघितलं. मी बॅनरची घडी घालत होते. चार पदरी, कडा जुळवून.

"वीकली ऑफ मिलेगा," ते म्हणाले. "क्वार्टरचं शेठजी म्हणतील तसं."

"लिहून द्या, सर," मी म्हटलं. त्यांनी रिसेप्शनवर उभं राहून लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट.

माझे रूम अटेंडंट त्या संध्याकाळी पहिल्यांदा पुढच्या दारानं आत गेले. आत माणसं कमी पडत होती, म्हणून वाढायला मी आणि जीएम. टेकबहादूर दर दोन मिनिटांनी रिकामी ताटं उचलायला उठायचा आणि शेठची बायको त्याला खांदा दाबून खाली बसवायची. "जेव गप," ती म्हणायची. मी त्याच्या पानात लाडू वाढला तेव्हा त्यानं वर बघितलं नाही. मीही बघितलं नाही. दोघांनाही बरं पडलं.

क्वार्टरचा करार शेठनी शिर्केकडून काढून पोरांच्याच नावावर केला. सुट्टी सुरू झाली. हॉटेलात आता दुसरा कॉन्ट्रॅक्टर आहे. तोही दुःखी चेहऱ्याचाच आहे, पण भाड्याची इमारत त्याच्या हातात नाही. मला मेमो मिळाला. सुट्टीवर असताना अनधिकृतपणे रांग सरळ केल्याबद्दल. मी तो इस्त्री करून फाइलला लावला.

या सगळ्यातून शिर्केनं काय धडा घेतला माहीत नाही. मी मात्र एक शिकले. कोणाच्या नावानं गरिबाला भीती घालायची असेल, तर आधी बँक्वेटचं बुकिंग बघून घ्यावं. तो माणूस संध्याकाळी जेवायला येणार असतो.