मध्ये कुणी नको

वडिलांच्या छापखान्यात बाइंडिंगचं सगळं काम आपाकडे होतं. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या एकावर एक लावायच्या, शिवायच्या, पाठीला खळ फासायची. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा वारला, तेव्हा ती माहेरी परतली आणि आपल्या जुन्या पाटावर येऊन बसली. खरं तर ती दोन भावांच्या मधली. धाकटा तिला आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचा, मग थोरलाही म्हणायला लागला, पुढे गिऱ्हाइकंसुद्धा. जीभ तिखट. कागद यायला उशीर झाला की मशीनवरच्या माणसाला विचारायची, "शाई वाळायची वाट बघतोयस की मी वाळायची?"

वडील गेल्यावर थोरला गिऱ्हाइकं आणि कटिंग मशीन बघू लागला, धाकटा जुळणी आणि छपाई. दोघांचा आवाज इतका सारखा की फोनवर बायकासुद्धा फसायच्या. पण एका गोष्टीवरून त्यांचं कधी पटलं नाही. ती गोष्ट शफाअतची, म्हणजे अल्लाहपुढे आपल्यासाठी दुसऱ्या कुणी रदबदली करण्याची. थोरला वडिलांसारखाच एका बुजुर्ग अवलियाच्या कबरीवर जायचा आणि हात उचलून म्हणायचा, हजरत, माझ्यासाठी अल्लाहकडे शब्द टाका. धाकट्याच्या डोक्यात तिडीक जायची.

"शफाअत मी कुठे नाकारतो?" तो म्हणायचा. "कयामतच्या दिवशी पैगंबर करतील, अल्लाहच्या परवानगीने. पण ती मागायची अल्लाहकडे. कबरीतल्या माणसाला कसली हाक मारतोस?"

"जिवंत माणसाला 'माझ्यासाठी दुआ कर' म्हणतोस ना? मग अल्लाहचा लाडका माणूस मातीत गेला म्हणून मुका झाला?"

दोघंही कुराणातल्या एकाच आयतीवर बोट ठेवायचे आणि एकमेकांना अडाणी म्हणायचे. आपा सुईत दोरा ओवत ऐकायची. जेवायला बसले की गप्प व्हायचे, एवढंच.

वडिलांनी पूर्वी दुआंचं एक छोटं पुस्तक छापलं होतं. त्यात सत्तेचाळिसाव्या पानावर त्या बुजुर्गाला उद्देशून मागणं होतं. वडील गेल्यावर दोन वर्षांनी पुस्तक पुन्हा छापायला घेतलं. घड्या घालताना आपाच्या लक्षात आलं की ते मागणं पानावर नाही. त्या जागी दुसरीच दुआ बसवलीय, सरळ अल्लाहकडे मागितलेली. हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. तिने छपाईच्या खोलीकडे पाहिलं. धाकटा तिच्याकडेच बघत होता. तिने मान खाली घातली आणि पुढची घडी घातली. थोरला आता कशाला पान न् पान चाळतोय, असं तिला वाटलं.

थोरल्याने चाळलं. पुस्तकांचा गठ्ठा उचलून तो छपाईच्या खोलीत गेला आणि धाकट्याच्या पायाशी आपटला.

"अब्बांच्या पुस्तकाला कात्री लावायचा हक्क तुला कुणी दिला?"

"चुकीचं होतं ते काढलं. माझ्या हातून शिर्क छापला जाणार नाही."

"म्हणजे मी कोण? मुश्रिक?"

"हो. कबरीपुढे हात पसरणारा मुश्रिकच."

मशीनवरच्या माणसाने मशीन बंद केलं. अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणारा, म्हणजे धर्माबाहेर गेलेला, असा त्या शब्दाचा अर्थ. थोरला खालच्या आवाजात म्हणाला, "मग आपला बाप कोण म्हणून मेला?"

थोरल्याने त्याच्या थोबाडीत मारली.

महिनाभरात छापखान्याच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. कटिंग मशीन थोरल्याकडे, छपाईचं धाकट्याकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं चालेना, म्हणून भिंतीत एक दार ठेवलं, आणि त्या दारातून फक्त आपा जायची. अकरा वर्षं. "त्याला सांग, समास कमी पडतोय." "त्याला सांग, डोळे तपासून घे." ती अर्धे शब्द गाळून सांगायची. दोघांच्या मुलांनीही बोलणं टाकलं. ईदला तिने दोघांना एका पंगतीत बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा एक आला आणि दुसऱ्याची चाहूल लागताच उठून गेला.

मग थोरल्याच्या फुप्फुसात पाणी झालं. तो अंथरुणाला खिळला. धाकटा दोन दिवस मशीनभोवती घुटमळला आणि तिसऱ्या दिवशी आपाच्या पाटाशी येऊन बसला.

"आपा, भाईजानला सांग, तो शब्द मी बोलायला नको होता. तू सांगितलंस तर ऐकेल."

"तूच जा."

"मला दारातून हाकलून देतील. तू आधी शब्द टाक."

आपा गेली. थोरला उशांना टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती. तिने निरोप सांगितला. शब्द गाळायची वेळ आली नाही, प्रथमच.

"त्याच्या तोंडून ऐकेन," तो म्हणाला. "मला माझ्यात नि त्याच्यात मध्ये कुणी नको."

आपाच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे तू बोलतोस? जन्मभर कबरीवर जाऊन शब्द टाकायला सांगितलंस, आणि जिवंत बहिणीचा शब्द तुला चालत नाही?"

"अल्लाह माझ्यावर रुसलेला नाही. मी भावावर रुसलोय. ते वेगळं आहे."

परत येऊन तिने धाकट्यालाही सोडलं नाही. "मध्ये कुणी लागत नाही म्हणून बापाचं पुस्तक कापलंस ना? मग दोन गल्ल्या ओलांडायला माझे पाय कशाला हवेत? आजपासून मी कुणाचं काही नेणार नाही."

धाकटा शुक्रवारी जाईन म्हणाला. गुरुवारी सकाळी थोरला गेला.

जनाज्याच्या नमाजेला धाकटा आला, तेव्हा थोरल्याच्या मुलाने त्याला मशिदीच्या अंगणात अडवलं. "मुश्रिकाच्या जनाज्याची नमाज तुम्हाला चालते, काका?"

धाकट्याने आपाकडे पाहिलं. ती बायकांबरोबर फाटकापाशी उभी होती. थोरल्याच्या मुलाने तिचं ऐकलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती बोलली नाही.

"मी तो शब्द परत घेतो," धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला.

"अब्बा अकरा वर्षं वाट बघत होते," मुलगा म्हणाला. "आता मेल्यावर कुणाला ऐकवताय? मेलेले ऐकत नाहीत, हे तुम्हीच सांगायचात." पण तो बाजूला झाला. धाकटा शेवटच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या शेजारच्याने मध्ये हातभर जागा सोडली.

चौथ्या दिवशी धाकटा बहिणीकडे आला. म्हणाला, "मेलेल्यासाठी जिवंतांनी मागितलेली दुआ कबूल होते, यावर तरी आमचं दोघांचं एकमत होतं. मी त्याच्यासाठी माफी मागितली."

"आणि तुझी?" आपाने विचारलं. "माणसाला दुखावलं तर त्या माणसाने माफ करायला हवं, अल्लाह परस्पर करत नाही. हेही तुझ्याच तोंडून ऐकलंय."

तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्याच महिन्यात आपाने सुया, दोरा, दाबायचा लाकडी शिकंजा, सगळं आपल्या खोलीत हलवलं. दोन्हीकडचे कागद अजून तिच्याकडेच येतात. थोरल्याचा मुलगा आपले आणून टाकतो, धाकटा आपले. खळ वाळेपर्यंत ती दोघांच्या पुस्तकांवर एकच दगड ठेवते आणि कुणी दुसऱ्याची चौकशी केली तर म्हणते, "घर माहीत आहे ना? जाऊन विचार."