नळकांड्याचा हार

दसऱ्याला आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या दुकानात सोऱ्या, झारा, वजनकाटा यांच्यासोबत भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्यालाही झेंडूचा हार असायचा. तोही इतका जाडजूड, की त्याची कळ दिसेनाशी व्हायची. हार सुकला तरी तसाच राहायचा. पूजलेल्या वस्तूला उगीच हात कोण लावणार?

गेल्या वर्षी परवान्याच्या तपासणीला अग्निशमन दलाचे साहेब आले, तेव्हा मी शेव घ्यायला उभा होतो. हार पाहून ते दुकानाच्या मालकीणबाईंवर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मावशी, देवाला हात जोडा. याच्यापर्यंत मात्र हात पोचला पाहिजे."

मी आजवर परवाना म्हणजे खेटे घालायला लावणारा कागद समजत आलो. पण न लागलेल्या आगीची कुणीतरी आधीच काळजी करून ठेवायची, यात माया नाही असं कसं म्हणू?

यंदा दसऱ्याला पुन्हा गेलो. हार चौकटीतल्या परवान्याला होता आणि नळकांड्याला कुंकवाचं एकच बोट. मावशी कढईपासून दोन पावलं मागे आल्या, हात लांबवून त्यांनी कळ चाचपली आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"पोचतोय."