हानझाकीची वाट

त्सुनेओ कातायामा आमच्या खोऱ्यातल्या शेवटच्या घरात राहतात. त्यांच्यापुढे रस्ता आहे, पण वस्ती नाही. माझी किराण्याची गाडी आठवड्यातून दोनदा टोफू, अंडी, सुकी मासळी घेऊन तिथवर जाते आणि तिथूनच मागे वळते. पूर्वी दार त्यांच्या पत्नी फुसाएकाकू उघडायच्या. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि त्या हिमेजी शहरात मुलीकडे राहायला गेल्या. मुलीने वडिलांनाही बोलावलं होतं. काका म्हणाले, भातखाचरं कोण बघणार? खाचरात तर केव्हाच कमरेएवढं गवत माजलं होतं.

रोज जेवणाआधी दोघं फोनवर बोलत. औषध घेतलंस का, घेतलं. पाऊस आहे का, नाही. मग दोघंही नुसती फोन कानाला लावून बसत. हे मला काकूंनीच सांगितलं. काकांना काय काय द्यायचं ते सांगायला त्या मला फोन करत, तेव्हा असं काहीबाही निघायचं.

त्या वर्षी ओढ्यावरचा जुना बंधारा नव्याने बांधला गेला. आमच्या ओढ्यात हानझाकी आहेत. दिसायला पालीसारखे, पण माणसाच्या पायाएवढे लांब, चपट्या डोक्याचे, दगडाखाली पडून राहणारे. सरकारने जपलेला प्राणी, हात लावायचीही परवानगी नाही. अंडी घालायला ते वर चढतात, म्हणून बंधाऱ्याच्या कडेला त्यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा उतार केला होता. त्यावरून ते खरंच चढतात का, हे पाहायला विद्यापीठातल्या नोगामीबाई आल्या. खालच्या डोहातल्या बऱ्याच हानझाकींच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप पूर्वीच बसवलेली होती. उतारावर रीडर लावायचा, म्हणजे चिपवाला जवळून गेला की त्याचा नंबर कळेल. घर जवळ आणि काका शेतीसंस्थेत यंत्रं दुरुस्त करणारे, म्हणून बाईंनी त्यांनाच विचारलं.

काकांनी नाही म्हणून पाहिलं, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच बंधाऱ्यावर जाऊन बसले.

रीडर म्हणजे नंबर दाखवणारी तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिला जोडलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि बॅटरी. चिपमध्ये स्वतःची वीज नसते. वेटोळ्यातून ती मिळाली तरच चिप बोलते, तीही वीतभर अंतरावरून. पाण्याचा अडथळा होत नाही, लोखंडाचा होतो. पहिल्यांदा त्यांनी वेटोळं उताराच्या जाळीला बांधलं, तर एक अक्षर उमटेना. जाळी लोखंडाची होती. मग प्लास्टिकच्या नळीची चौकट केली, तिच्यात तार ओवली. तरी काँक्रीटमधल्या सळ्या त्रास देतच होत्या. बाईंनी फोनवरून सांगितलं तसे ते एकेक वेढा सोडत गेले, आणि बांबूला बांधलेली नमुन्याची चिप चौकटीतून सरकवून पाहत राहिले. एका दुपारी नंबर उमटला. मग त्यांनी वायर ओढून थेट स्वयंपाकघरात बझर बसवला.

पुढे कितीतरी दिवस बझर गप्प होता. एकदा मी गाडी थांबवली आणि आतून आवाज आला. मी धावत ओढ्याकडे गेले. काका पाण्यात उभे होते, हातात बांबू.

"आला का?" मी विचारलं.

"नाही गं साए. मीच वाजवला. चालतोय का बघत होतो."

सकाळी पाहिलं होतं, आता पुन्हा पाहिलं, असं म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी एका ढगाळ सकाळी तो खरंच वाजला. बाई आल्या, नंबर पाहिला. खूप वर्षांपूर्वी चिप बसवलेला मोठा नर होता तो. त्या संध्याकाळी काका फोनवर न थांबता बोलले. त्यानंतर काकू रोज पहिला प्रश्न तोच विचारू लागल्या, आज कोण आलं? कुणी आलं नसेल तर का आलं नाही, यावरही दोघांचं बोलणं रंगायचं. त्या दिवसांत काका माझ्याकडून दोघांपुरती मासळी घ्यायचे आणि मग हसून अर्धी परत ठेवायचे.

वादळाच्या पुरात चौकट वाहून गेली. रीडर काकांनी आधीच काढून आणला होता. बाईंना हवं ते कळलं होतं. त्या आभार मानून तो घेऊन गेल्या. बझर भिंतीवर राहिला.

नंतर काकूंचा मला फोन आला. सुक्या मशरूमचं सांगून झालं, तरी त्या फोन ठेवेनात.

"साए, रीडर नेला ना त्या बाईंनी?"

"हो काकू. बरेच दिवस झाले."

"हे मला रोज सांगतात, आज एक आला, आज दोन आले. केवढा होता तेसुद्धा सांगतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"विचारते, रंग कसा होता."

नोव्हेंबरात पाणी गार पडलं. हानझाकी तेव्हा फारसे हलत नाहीत, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एका संध्याकाळी काका म्हणाले, आज कुणी आलं नाही. काकू म्हणाल्या, "मग तुम्हीच या ना इकडे, अहो."

नव्या वर्षाला ते हिमेजीला गेले. मुलीच्या घरी बसायला जागा होती, पण करायला काही नव्हतं. डायलिसिसच्या दिवशी काकू पहाटेच निघायच्या आणि परतल्यावर झोपून राहायच्या. काका त्यांच्या उशाशी बसायचे. आठवडाभरात ते परतले.

मी गेले तेव्हा रस्त्यावर बर्फ होतं आणि ते दारात उभे होते. त्यांनी टोफूचा एकच तुकडा घेतला. काकू कशा आहेत, असं मी विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी फोनवर काय बोलायचं, तेवढं शोधून ठेवायला हवं."

मी गाडी वळवली. ते ओढ्याकडे पाहत उभे होते.