नऊशे ओळींची तक्रार

ग्रंथपाल बाई आणि तिचा नवरा एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून काम करायचे. खिडकीकडचं टेबल त्याचं, दाराकडचं तिचं. तो कारखान्यात लेथवर लोखंड कातता कातता म्हातारा झालेला माणूस. पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकला आणि बायकोच्या ग्रंथालयासाठी देवघेव नोंदवणारा प्रोग्राम त्यानं बनवला. ज्याला हवा त्यानं न्यावा, सुधारावा, सुधारलेलं सगळ्यांना द्यावं, असं म्हणून तो इंटरनेटवर खुला ठेवला. आता शेकडो ग्रंथालयं तो वापरत होती, आणि कुठकुठली माणसं एकमेकांचं तोंड न पाहता त्यात भर घालत होती.

माणसं वाढली तशी भांडणं वाढली. तेव्हा बाईनं पानभर नियम लिहिले. चूक दिसली तर कामाबद्दल बोलावं, माणसाबद्दल नाही. नवख्याची टिंगल करू नये. तक्रार बाईकडे यावी, तिनं आणि आणखी दोघांनी मिळून समिती म्हणून निवाडा करावा, पण ज्याच्यावर तक्रार त्याच्या घरच्यानं निवाड्याला बसू नये.

एका सकाळी तक्रार आली ती नवऱ्यावरच.

एका इस्पितळातली नर्स याच प्रोग्रामवर रुग्णांसाठीची पुस्तकं सांभाळायची. महिनाअखेरीला परतीची तारीख चुकायची, ती तिनं दुरुस्त केली. दुरुस्ती दोन ओळींची. पण जतन करताना तिच्या संगणकानं प्रत्येक ओळीआधीची मोकळी जागा बदलली, आणि तपासायला बसलेल्या नवऱ्याला नऊशे ओळी बदललेल्या दिसल्या. तो भडकला. सगळ्यांदेखत लिहून मोकळा झाला, "हा उकिरडा उपसायला मी बसलेलो नाही. तुम्ही आपली इंजेक्शनं द्या."

नर्सनं बाईला एवढंच लिहिलं, "आठ रविवार घातले होते. मी आता येणार नाही. पण पुढच्या माणसाला असं बोलू नका."

पत्र एकट्या बाईपाशी होतं. दाबलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पाठीमागे नवरा गुणगुणत होता. ते गुणगुणणं तिच्या कानाला चाळीस वर्षांच्या सवयीचं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पत्र समितीतल्या दुसऱ्या दोघांकडे पाठवलं. मग खुर्ची वळवून त्याला सांगितलं.

"माझी तक्रार? तू पाठवलीस? अगं, घरचं माणूस ना तू!"

"म्हणून तर दुसऱ्यांकडे दिली."

"प्रोग्राम म्हणजे माझं पोर, आणि मलाच बाहेर काढणार?"

"त्या पोराला आता शेकडो सासरं आहेत. तिथं जपूनच बोलायचं असतं."

समितीतल्या दोघांनी त्याला प्रोग्रामच्या कामात पंधरा दिवस बंदी घातली. तो मुकाट्यानं जेवायचा, मुकाट्यानं उठायचा. न गळणाऱ्या नळाचा वॉशर त्यानं बदलला, तेव्हापासून नळ गळायला लागला.

"काका, सुट्टीवर का?" शेजारणीनं विचारलं.

"सक्तीच्या," तो म्हणाला. बाई पदराआड हसली, पण मनातून धास्तावलेलीच होती. हा माणूस आपल्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलेल का?

सहाव्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यानं विचारलं, "आठ रविवार म्हणाली ती?"

"हो."

"मला पहिल्यांदा किती लागले होते गं?"

"अकरा महिने. मधे दोनदा ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदी पुसल्यात तुम्ही."

"तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. न्हाणीघरात जाऊन रडले, आणि पुन्हा लिहून काढल्या."

तो निवडलेली भाजी देठांत टाकत राहिला. बाईनं ती गुपचूप वेचून घेतली.

संध्याकाळी त्यानं दोन पानी माफी लिहून दाखवली. बाईनं वाचली. "यात माफी कुठंय? हे तर नऊशे ओळींचं गाऱ्हाणं." त्यानं पानं फाडली. तिसऱ्या खेपेला तीन वाक्यं उरली. बंदी उठली त्या सकाळी जिथं अपमान केला होता तिथंच, सगळ्यांदेखत, त्यानं ती लिहिली.

नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी नर्सची दुरुस्ती आली, सोबत एक शब्द नाही. नेमक्या दोन ओळी. आणि त्यातही फेब्रुवारी चुकलेला.

बाईनं मान वळवली नाही. पाठीमागे कळफलक वाजला, थांबला, खोडल्याचा आवाज, पुन्हा वाजला. बराच वेळ असं चाललं. मग तो म्हणाला, "अगं, वाचून बघतेस? 'तारीख आता बरोबर येते, आभार. फेब्रुवारी राहिलाय, तो आपण दोघं मिळून बघू या का?'"

"मला काय विचारता? तिला विचारा," बाई म्हणाली.

त्यानं पाठवून दिलं.