भोकांची कार्डं

शिकवता शिकवता माणसाचं वाटोळं करता येतं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मी ते केलं.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. नारपोलीत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक लूमचा कारखाना होता. खाली लूम, वर माळ्यावर ऑफिस. मी तिथे टायपिंग करायचे, पत्रं आणि हजेरीचं रजिस्टर बघायचे. माझे वडील शाळेत हेडक्लार्क होते. पोरगी नोकरी करते याचं घरात कौतुक होतं, पण कुठे करते हे पाहुण्यांना सांगताना आई 'कापडाच्या कंपनीत' एवढंच म्हणायची. दिवसभर खालून इतका खडखडाट यायचा की घरी गेल्यावरही मी ओरडून बोलायचे. वडील वैतागून म्हणायचे, "अगं, इथे लूम नाहीत."

त्या वर्षी शेठने कोरियाहून नवे लूम मागवले. पाण्याच्या फवाऱ्यावर धागा फेकणारे. यंत्रांच्या मागोमाग एक कोरियन इंजिनिअर आला. कामगार त्याला 'चिनी साहेब' म्हणायचे आणि तोंडावर सलाम ठोकायचे. त्याचं इंग्लिश मोडकंतोडकं, माझंही तसंच, म्हणून शेठने मला त्याच्या दिमतीला दिलं. नव्या लूमवरची बटणं, पाट्या, जोडीचं जाडजूड पुस्तक, सगळं कोरियन अक्षरांत. इंजिनिअर म्हणाला, इथला एक माणूस सहा महिने कोरियात पाठवा, तो शिकून येईल आणि इतरांना शिकवेल. पण त्याला मशिनवरचं वाचता आलं पाहिजे. दोनशे शब्द पुरेत. तीन महिन्यांनी परीक्षा मी घेईन.

मी ती अक्षरं दोन आठवड्यांत शिकले. उगाच विनय कशाला दाखवू, मला जमलं. वर्तुळं आणि काठ्या, त्यांची खुबी कळली की कुठलाही शब्द फोडून वाचता येतो. इंजिनिअर कागदावर पाच-सहा शब्द लिहून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी धडाधड म्हणून दाखवायचे. शिल् म्हणजे सूत. सोन् म्हणजे हात. मुल् म्हणजे पाणी. तो मान डोलवायचा. एका सकाळी धीर करून मी शेठला म्हटलं, मला पाठवा. शेठ हसला असता तरी चाललं असतं. त्याने फाइलमधून मान वर न करता विचारलं, "तेरी शादी कब है?" आणि पुढच्या पत्राचा मजकूर सांगायला लागला. मी तो टाइप केला.

पाठवायला निवडला तो कार्डवाला.

जुन्या लूमवर नक्षी काढायला पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या लागत. त्यांना कार्ड म्हणायचे. पट्टीवर जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि अशा शेकडो पट्ट्या ओळीने गेल्या की कापडावर कैऱ्या उमटतात. ही भोकं पाडायचं काम तो पंधरा वर्षं करत होता. कोन गावचा माणूस, पस्तिशीचा, घरी भाताची थोडी शेती भाऊ बघायचा. हातात पट्टी घेतली की ती कुठल्या डिझाइनची, कितव्या ओळीची, हे तो न अडखळता सांगायचा. नव्या लूमला कार्ड लागत नव्हतं. म्हणजे जुने लूम भंगारात गेले की याचं काम संपलं. शेठने त्याला तसं स्वच्छ सांगितलं होतं, "तू मेहनती है, इसलिए तेरा नाम दिया. पास हुआ तो नए मशीन पे मिस्त्री. नहीं हुआ तो इधर तेरे लिए कुछ नहीं." आणि त्याला शिकवायचं काम माझ्यावर टाकलं.

रोज दुपारी जेवणानंतर पाऊण तास. मी इंजिनिअरला विचारलं, पटकन पाठ कसं होईल? तो म्हणाला, छोटी कार्डं करा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि रोज पिसून विचारा. आता एवढा जाड कागद आणायचा कुठून? कार्डवाला म्हणाला, "आपल्याकडं ढीग पडलाय की." बाद झालेल्या डिझाइनच्या पट्ट्या त्यानेच कात्रीने कापून आणल्या, पत्त्यांच्या आकाराचे दोनशे तुकडे. मी भोकं चुकवून पुढे कोरियन शब्द लिहिला, मागे मराठी. पुठ्ठ्यावर शाई छान बसली. तो ती कार्डं दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवून खाली जायचा आणि सगळे लूमवाले ओरडायचे, "क्या मामू, मॅडम के साथ पत्ते खेलता है?" तो हसायचा.

मी चांगली शिकवणारी नव्हते. लहानपणी वडील घरी माझा अभ्यास घ्यायचे तशीच मी शिकवायचे, हातात लाकडी पट्टी घेऊन. चुकला की टेबलावर पट्टी आपटायचे, पुन्हा चुकला की त्याच्या बोटांवर. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या, दोन पोरांच्या बापाच्या बोटांवर. "डोक्यात ढेकळं भरलीत का तुमच्या?" असं मी त्याला रोज एकदा तरी म्हणायचे. तो बोटं चोळत म्हणायचा, "मार बाय, मार. तुझ्या मारानं तरी घुसंल." मला त्याचा राग यायचा तो त्याच्या चुकांचा नव्हता. मला जे दोन आठवड्यांत येत होतं ते याच्या डोक्यात कोंबायचं, आणि विमानात हा बसणार. एकदा तो सहज बोलून गेला, "बाय, तुला किती झ्याक येतंय. पर तुला काय उपेग?" वाईट मनाने नाही बोलला. मला मात्र ते आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

महिनाभर त्याची काही प्रगती नव्हती. मग अचानक तो सुटला. दहा, वीस, पन्नास कार्डं. मी वर धरलं की तो डोळे बारीक करायचा आणि शब्द, अर्थ, दोन्ही फाडकन सांगायचा. इंजिनिअर खूश, शेठ खूश. दोन महिने होईपर्यंत दीडशे शब्द झाले. मीसुद्धा मनातल्या मनात म्हटलं, माणूस बरा निघाला.

मग एक दिवस 'सूत'च्या कार्डावर चहा सांडला. अक्षरं पसरली. मी ते फेकून दिलं आणि दुसऱ्या तुकड्यावर तोच शब्द पुन्हा लिहिला, त्याच अक्षरात, त्याच शाईने. दुपारी ते वर धरलं. तो बघतच राहिला. पहिल्या आठवड्यातला शब्द, रोज म्हणणारा. "हा नवा हाय का?" त्याने विचारलं.

मी ते खाली ठेवलं. दुसरं कार्ड काढलं, 'पाणी'चं. अक्षरांवर आडवं बोट ठेवून ते खिडकीकडे धरलं. शब्द पूर्ण झाकलेला, फक्त भोकांतून उजेड येत होता. तो लगेच म्हणाला, "मुल्. पाणी."

तो अक्षरं वाचतच नव्हता. पंधरा वर्षं ज्या डोळ्यांनी भोकं वाचली त्यांनी याही कार्डांवर भोकंच वाचली होती. कुठल्या तुकड्यावर कुठली भोकं आणि तिथे मी कोणता शब्द सांगितला, एवढं त्याने बिनचूक लक्षात ठेवलं होतं. दीडशे शब्दांचे उच्चार आणि अर्थ त्याला खरोखर पाठ होते, फक्त ते कसे दिसतात हे ठाऊक नव्हतं. आणि हे त्याला स्वतःला कळलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं, यालाच वाचणं म्हणतात.

परीक्षेला अजून एक महिना होता. साधे कागद घेऊन मी पुन्हा सुरुवात केली असती तर त्याने ते केलं असतं, रडतखडत का होईना. हे मला तेव्हाही समजत होतं. मी त्या दिवशी उरलेली कार्डं घेतली, त्याने सगळी बरोबर सांगितली, आणि मी म्हटलं, "शाब्बास." तोपर्यंत मी त्याला कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो इतका लाजला की कार्डं ओवताना दोरा दोनदा सुटला. नंतरचा महिनाभर मी त्याच्यावर एकदाही पट्टी उगारली नाही. चहा सांडलेला तुकडा टोपलीतून काढून, पुसून, त्यावर शब्द पुन्हा लिहून मी परत दोऱ्यात घातला, म्हणजे त्याला शंका यायला नको.

परीक्षा ऑफिसातच झाली. शेठ, शेठचा भाचा, दोन मुकादम, आणि दारात गर्दी करून कामगार. कार्डवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, कपाळावर कुंकू होतं, म्हणजे बायकोने ओवाळून पाठवलं असणार. इंजिनिअरने बॅगेतून स्वतःची कार्डं काढली. पांढरी, गुळगुळीत, छापील. त्याने पहिलं समोर धरलं.

कार्डवाल्याने ते हातात मागून घेतलं. आधी कडा बघितल्या. उलटं केलं. मग ते ट्यूबलाइटकडे धरून त्यातून बघायला लागला. भोकं शोधत होता. दारातून कुणीतरी म्हणालं, "मामू, नोट असली है कि नकली?" आणि सगळा माळा हसला. भाचा तर पोट धरून हसला. इंजिनिअरने दुसरं कार्ड दिलं, तिसरं दिलं. त्याने प्रत्येक कार्ड उजेडाकडे धरलं. त्याच्या मानेवरून घाम खाली उतरून कॉलर ओली होत होती, मी त्याच्या मागेच उभी होते.

"तोंडी इचारा," तो म्हणाला. "साहेब, मना समदं येतंय. तोंडी इचारा."

शेठने माझ्याकडे बघितलं. "ये क्या बोलता है? तूने सिखाया ना?"

'तोंडी विचारा' हे इंजिनिअरला इंग्लिशमध्ये सांगणारी त्या माळ्यावर मी एकटीच होते. तोंडी विचारलं असतं तर त्याने दोनशेतले एकशे नव्वद सांगितले असते. वाचता येत नाही पण पाठ आहे, वाचायला आणखी एक महिना द्या, एवढं मी म्हटलं असतं तर इंजिनिअर मानला असता. मऊ मनाचा माणूस होता तो. मी म्हटलं, "मी रोज घेत होते शेठ. रोज तर येत होतं." आणि माझ्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता.

कार्डवाला माझ्याकडे वळला. रागाने नाही. पोरं शाळेत उत्तर विसरली की बाईंकडे बघतात, तसा. मी खिडकीबाहेर बघितलं.

कोरियाला शेठचा भाचा गेला. अडीच महिन्यांत आजारी पडून परत आला, येताना कॅमेरा आणि थर्मास घेऊन आला. जुने लूम दिवाळीनंतर भंगारवाल्याने नेले. शेवटच्या दिवशी कार्डवाला माळ्यावर येऊन म्हणाला, "बाय, तू लय मेहनत घेतलीस. माझंच टकुरं न्हाय." त्याला समजावून सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "असू दे, होतं असं." मला काय मिळालं? काही नाही. शेठने तेव्हाही कोरियासाठी माझं नाव घेतलं नाही, पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कल्याणला गेले. मिळवायचं म्हणून मी ते केलंच नव्हतं. मला मिळत नाही तर त्याला का मिळावं, एवढंच होतं.

पाच-सहा वर्षांनी माहेरून परतताना कोनला रिक्षा बंद पडली. रस्त्याच्या कडेला उभी होते, तर मागून हाक आली, "बाय." तोच. केस पांढरे झाले होते. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठी उचलायच्या कामाला होता, खांदा एका बाजूला उतरलेला. चहाला चल म्हणून हट्टच धरला. घर जवळच होतं. आत भिंतीवर खिळ्याला ती कार्डं टांगलेली, दोऱ्यासकट. ओल लागून माझी शाई पार उडाली होती. एकाही कार्डावर अक्षर उरलं नव्हतं, दोन्ही बाजू कोऱ्या, फक्त भोकं.

"यानं समदी पाठ ठेवलीत अजून," बायको चहा देत म्हणाली. त्याने हार काढून मांडीवर घेतला आणि एकेक कार्ड दाराच्या उजेडाकडे धरत सुरू झाला. शिल्, सूत. सोन्, हात. मुल्, पाणी. सगळी, न अडखळता. मी मनात तपासत होते. एकही चुकलं नाही.

शेवटचं कार्ड खाली ठेवून त्याने दोरा सारखा केला. मग म्हणाला, "गोडाऊनला एकदा खोक्यावर कोरियन लिवलेलं दिसलं. वाचाया गेलो तर काय पण कळंना. तवा ध्यानात आलं, मी भोकंच वाचत व्हतो." चहाचा कप त्याने हळूच बाजूला सरकवला. "बाय, एक इचारू? तुला तवा म्हाईत व्हतं का?"

बायकोही माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मोठा श्वास सोडला. बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, मी बोललो न्हवतो? तिला म्हाईत असतं तर ती गप बसली नसती." मग त्याला एकदम उत्साह आला. निघताना त्याने बायकोला सांगून घरचे कडवे वाल माझ्या पिशवीत घातले, दोन शेर तरी असतील. मी नको नको म्हटलं, मग घेतले.

तिसऱ्या दिवशी त्या वालांचं बिरडं केलं. छान झालं होतं. घरात सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं, मीसुद्धा.